मोच्याचा पोरगा जनरल कसा होतो?

(देवळाली कॅम्पात तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलल्यासारखंच ठेवलं आहे.)



पत्रक वाचून सकाळपासून चार जण मला विचारून गेले, "काका, रशियातल्या जनरलचं आपल्याला काय करायचंय? आपले जनरल कमी हायेत का?" रास्त प्रश्न आहे. आपले जनरल किती हायेत, तेच बघायला मी रशियाला चाललोय. हिथूनच जाऊ.

हिथं म्हणजे देवळालीत. तुम्ही सगळे कॅम्पातली पोरं. रेंजवर फायरिंग सुरू झालं की मांडणीवरची भांडी हालतात, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. आमची आई म्हणायची, "तोफ झाली, आता भाकरी टाकते." आमचं घड्याळ तेच. या गावानं इंग्रजी भाषेला एक शब्द दिलाय, 'डूलॅली', म्हणजे डोकं फिरलेला. घरी जायच्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर हिथं महिनोन्‌महिने पडून राहायचे, त्यांची टाळकी सरकायची, म्हणून. गोऱ्याचं डोकं फिरलं तर शब्दकोशात जातं. आपली किती पिढ्या फिरली, त्याला शब्द नाही.

माझा बाप एका तोफखान्याच्या युनिटात मोची होता. पलटणीत धोबी, न्हावी, मोची, सफाईवाला असे सगळे असतात. गावकुसाबाहेरचं आणि गावकुसाच्या कडेचं सगळं गाव तिथं नंबर लावून उभं. बाप बूट शिवायचा. जवानांचे, साहेबांचे. कधी एखादा मोठा साहेब पाहणीला यायचा त्याच्या आदल्या रात्री कंदील लावून बसायचा. तोफा कोणत्या तर रशियाच्या, १३० एमएमच्या. १९७१च्या लढाईत त्या वाजल्या. बापाला त्यांच्या तोंडाचं मोठं कौतुक. मला ज्याचं कौतुक वाटलं ती गोष्ट फार उशिरा कळली. या तोफा ज्या फौजेसाठी घडल्या, तिचा सगळ्यात मोठा सेनापती मोच्याचा पोरगा होता.

त्याचं नाव गिओर्गी झुकॉव. १८९६ साली कालुगा प्रांतातल्या स्त्रेलकोव्का नावाच्या खेड्यात जन्मला. बाप कॉन्स्तान्तिन, बेवारस सापडलेला पोर. एका विधवेनं वाढवला, तिचंच आडनाव लागलं. धंदा जोडे शिवायचा. आई उस्तिन्या, दुसऱ्यांची ओझी वाहायची. घर इतकं जुनं की एकदा छप्पर कोसळलं. मग गाय विकली आणि लाकूड आणलं. गाय विकल्यावर काय होतं, हे या मांडवात कुणाला समजावून सांगू? शाळा तीन वर्षांची, तीही चर्चची. मग पोराला मॉस्कोत मामाकडं धाडला, कातडी-फरच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून. मामा सख्खा, पण मालक. मार खायचा, रात्री दिव्याखाली पुस्तक वाचायचं, पहाटे परत कामाला.

चामडं, मार आणि चोरून वाचन. बाबांनो, यातलं काय परदेशी आहे?

१९१५ साली झारनं त्याला सक्तीनं घोडदळात भरती केला. तिथं शिकवणारा एक हवालदार होता, पोरं त्याला 'साडेचार' म्हणायची, कारण त्याचं एक बोट अर्धं तुटलेलं. हा साडेचार रंगरुटांच्या तोंडावर ठोसे मारायचा. झुकॉवनं म्हातारपणी आठवणी लिहिल्या त्यात हा साडेचार राहिलाय. लढाईत दोन वेळा सेंट जॉर्जचा क्रॉस मिळवला आणि जमादार-हवालदारापर्यंत पोचला. झारच्या फौजेत मोच्याच्या पोरानं तिथवरच जायचं. वरच्या खुर्च्या बहुतेक उमरावांच्या पोरांना.

आता हिथं थांबा. आपल्याकडचं बघू.

आपल्याकडंही अगदी तिथवरच. सुभेदार रामजी सकपाळ कुठपर्यंत पोचले? सुभेदार. बाबासाहेबांचे आजोबाही फौजेतले. कोरेगावच्या खांबावर १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत, त्यात 'नाक' लागलेली आपली किती, ते दरवर्षी १ जानेवारीला आपण हात लावून बघतो. आणि मग १८९०च्या दशकात साहेबाच्या डोक्यात 'लढाऊ जाती'चं खूळ शिरलं आणि महारांना भरती बंद झाली. काल ज्यांच्या जिवावर लढाया मारल्या ते आज लढाऊ नाहीत! पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज लिहिले. अर्ज, विनंती, परत अर्ज. पहिलं महायुद्ध आलं, साहेबाला माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ला मोडून टाकली. तहान लागली की विहीर, तहान भागली की विटाळ.

परत दुसरं महायुद्ध. जुलै १९४१मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण परिषदेवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १९४६ला तिला मशीनगन रेजिमेंट केलं. पुढं तिच्यात सगळ्या जाती-प्रांतांची पोरं आली. मला त्यात वाईट काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं. नाव महार आणि आत अख्खा देश.

या रेजिमेंटनं देशाला दोन सरसेनापती दिले. हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जनरल के. व्ही. कृष्णराव १९४२ साली महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. १९७१च्या लढाईत सिल्हेटच्या बाजूला आठव्या माउंटन डिव्हिजनचे प्रमुख. १९८१ ते १९८३ लष्करप्रमुख. मग नागालँड, मणिपूर, काश्मीर अशी राज्यपालपदं. २०१६ला वारले. दुसरे जनरल सुंदरजी, तेही महार रेजिमेंटचेच. १९८६ ते १९८८ लष्करप्रमुख. रणगाडे आणि यांत्रिक पायदळ यांचं वेड असलेला हुशार माणूस. आज ज्या बोफोर्सचा आवाज तुम्ही ऐकता ती त्यांच्याच काळात आली. दोघांबद्दल मला आदर आहे. शिव्या द्यायला मी आलेलो नाही.

पण एक आंध्रातला, एक तामिळनाडूतला, आणि दोघांतला एकही महारवाड्यातून आलेला नव्हता. रेजिमेंटचं नाव आमचं, शिपाई आमचा, रक्त आमचं, जनरल दुसऱ्या घरातला. आपण त्यांचा फोटो लावतो आणि म्हणतो, "आपल्या पलटणीचा." म्हणू या की. पण शेजारी एक रिकामी चौकट लावायची आठवण ठेवा.

तिकडं काय झालं? १९१७ला क्रांती झाली. नोव्हेंबरात हुकूम निघाला, उमराव, व्यापारी, शेतकरी अशा जन्माच्या पायऱ्या रद्द. डिसेंबरात फौजेतले जुने हुद्देच काढून टाकले. झुकॉव १९१८ला लाल सैन्यात गेला, १९१९ला पक्षात. तिथून पुढं त्याला 'तुझा बाप काय करतो' हे विचारायची सोय राहिली नाही, उलट मोची म्हणाला तर चांगलंच. १९३९ला मंगोलियाच्या सीमेवर, खाल्खिन गोलला, त्यानं जपान्यांना असं झोडलं की त्यांनी परत त्या बाजूला तोंड केलं नाही. जून १९४०मध्ये 'आर्मी जनरल' झाला. ऑक्टोबर १९४१ला हिटलर मॉस्कोच्या दारात आला तेव्हा शहराच्या आघाडीची सूत्रं या मोच्याच्या पोराच्या हातात. जानेवारी १९४३मध्ये मार्शल. आणि ८ मेच्या रात्री, १९४५ला, बर्लिनमध्ये जर्मन फील्ड मार्शल कायटल शरणागतीच्या कागदावर सही करायला आला, तेव्हा समोर बसून ती सही घेणारा हाच. बेवारस मोच्याच्या पोरापुढं पिढीजात साहेबानं मान खाली घालून सही केली. हे चित्र मला फार आवडतं. मी ते फाडून घरात लावलं होतं, बायकोनं ओरडून काढायला लावलं.

तुम्ही म्हणाल, काका लाल झाले. नाही. मी कुणाचा भगत नाही, बाबासाहेबांनी आपल्याला भगत व्हायला मनाई केलीय. त्याच राज्यात १९३७-३८ला स्टालिननं आपलेच सेनापती मारले. पाच मार्शलपैकी तिघे गेले. रोकोसोव्स्की, जो पोरपणी दगड घडवायचं काम करायचा, त्याला तुरुंगात घालून मारहाण केली, मग १९४०ला सोडून लढायला पाठवला. त्या युद्धात सोव्हिएतची पावणेतीन कोटींच्या आसपास माणसं मेली, आणि झुकॉव शिपायाचा जीव जपून वापरणारा सेनापती होता असं कुणी म्हणत नाही. जिंकल्यावर त्याचं काय केलं? १९४६ला स्टालिननं ओदेसाला फेकला, १९४८ला त्याहून लांब उरालला. जर्मनीतून गालिचे न्‌ फर आणल्याचा ठपका ठेवला. पोरपणी फर शिवणाऱ्याला म्हातारपणी फरचाच हिशेब. १९५५ला संरक्षणमंत्री झाला आणि ऑक्टोबर १९५७ला परदेशी दौऱ्यावरून परतला तर खुर्ची गेलेली. १९७४ला मेला.

म्हणजे जन्माची पायरी मोडली, भीतीची पायरी राहिली. हे दोन्ही एकदम डोक्यात धरा. एक धरून दुसरं सोडणारे दोन्हीकडं भरपूर हायेत.

खुर्ची जायच्या आधी हा माणूस हिंदुस्थानात येऊन गेला. जानेवारी १९५७. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ला. चैत्यभूमीवरची राख थंड व्हायची होती, दोन महिने सुद्धा झाले नव्हते. त्याला आपल्या लष्कराच्या संस्था दाखवल्या, सलाम्या दिल्या. मी पुष्कळदा विचार करतो, ज्यांनी ज्यांनी त्याला सलाम ठोकला त्यांना माहीत होतं का, की हा चांभार आहे? हिथल्या भाषेत चांभार. माहीत असतं तर हात तितक्याच कडक वर गेला असता का?

उत्तर वीस-एकवीस वर्षांनी मिळालं. बाबू जगजीवनराम. आता त्यांच्याशी आपलं कधी जमलं नाही, ते काँग्रेसचे, बाबासाहेबांच्या विरोधात उभे केलेले. आणि आमच्या चांभारांतले कितीतरी त्यांच्याच मागं गेले, बाबासाहेबांच्या मागं आले नाहीत, हेही हिथं कबूल करतो. मला त्याची लाज आहे. पण १९७१ला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली तेव्हा देशाचा संरक्षणमंत्री हाच चांभाराचा पोरगा होता. परत १९७७ला संरक्षणमंत्री. आणि जानेवारी १९७८मध्ये बनारसला संपूर्णानंदांच्या पुतळ्याचं अनावरण त्यांनी केलं, तर त्यांची पाठ फिरल्यावर पुतळा गंगाजलानं धुतला. तोफा, रणगाडे, विमानं सगळी ज्याच्या हुकमात, त्याचा हात लागला म्हणून दगड बाटला!

मॉस्कोत झुकॉवची खुर्ची काढून घेतली. पण त्यानं हात लावलेला पुतळा कुणी धुतला नाही.

माझीही एक गोष्ट त्याच वर्षाची आहे. बी.ए. होऊन मी अधिकारी व्हायला एका निवड मंडळापुढं गेलो होतो. बापानं माझे बूट दोन रात्री घासले, तोंड दिसंल इतके. मुलाखतीत एकानं विचारलं, वडील काय करतात. मी म्हणालो, "बूटमेकर, सर." तो खाली माझ्या पायाकडं बघून हसला आणि म्हणाला, "दॅट आय कॅन सी." बाकीचे दोघे पण हसले. मी नापास झालो. जातीमुळं झालो असं मी छातीठोक म्हणणार नाही, माझं इंग्रजी फाटकं होतं आणि गटचर्चेत माझं तोंड उघडलं नाही. पण तोंड का उघडलं नाही, ते मला माहीत आहे.

घरी येऊन बापाला सांगितलं. तो आरी बाजूला ठेवून म्हणाला, "हसला व्हय? मग बूट नीट बघितलं आसंल." परत कामाला लागला. त्याला ते कौतुक वाटलं. माझा राग त्या साहेबावर कमी आणि बापाच्या त्या वाक्यावर जास्त होता, बरीच वर्षं. त्याची चूक काय? त्याच्या आयुष्यात साहेबानं एवढंच बघितलं होतं.

आता तुमच्यातली चार-पाच पोरं अग्निवीरच्या भरतीला पळतायत, सकाळी रस्त्यावर दिसतात. पळा. २०२२पासून चार वर्षांचा करार आहे, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के आत राहणार. १९१७ला उभी केली, १९२१ला मोडली, ती १११वी पलटणपण चार वर्षांचीच होती बरं का. पळा, पण नुसतं शिपायासाठी पळू नका. फौजेत आपल्याला आरक्षण नाही. एनडीए, सीडीएसचे फॉर्म कुठं निघतात, गणित कोण शिकवणार, इंग्रजीत बोलायची भीती कशी घालवायची, यासाठी कॅम्पात एक खोली पाहिजे. भाड्याचं मी अर्धं देतो. आणि पोरींनो, एनडीएची परीक्षा २०२१पासून तुम्हालाही उघडलीय. मागं काय बसलाय, पुढं या.

झुकॉवच्या आठवणींचे दोन्ही खंड मी आणलेत. इंग्रजीत आहेत, सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात स्वस्तात घेतलेले. वहीत नाव लिहून न्या, परत आणा. पहिल्या खंडाची सुरवातीची पानं, मोची बाप, पडकं छप्पर, तो साडेचार, एवढं मराठीत करून अंकात छापायचंय. कोण करतंय? हात वर करा. मोठ्यांनी नाही, पोरांनी.