गावचे कॉलेज आणि संगणकशास्त्र



सीमेपलीकडे बासरला २००८ साली तंत्रविद्येचे विद्यापीठ निघाले. तेव्हापासून आमचे हमाल-मजूर विचारतात, "भाऊ, पोराला संगणकशास्त्र शिकवायचे, तर गावच्या कॉलेजात घालून काय उपयोग? तिथे तर इतिहास, अर्थशास्त्र अन् मराठीही शिकवतात!"

माझ्या मते हाच त्या कॉलेजाचा गुण आहे.

संगणकाला काम सांगावयाचे म्हणजे नियम घालून द्यावयाचा. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून घेणे सक्तीचे झाले. आता रेंज गेली तर? सकाळभर माती वाहिलेली बाई दुपारी तापलेले लेकरू घेऊन दवाखान्यात गेली तर? तिची अर्धी मजुरी धरावयाची की बुडवावयाची, हे गणित सांगत नाही. १९७२ चा दुष्काळ आणि त्यातून आलेला १९७७ चा आपला रोजगार हमी कायदा ज्याने अभ्यासला, त्याला नियम लिहिताना ती बाई आठवेल.

लहान कॉलेजात यंत्रे थोडी, शिक्षक अपुरे, हे खरे आहे. पण म्हणून पोरांना तेथून काढू नका. चांगली प्रयोगशाळा आणि कायम शिक्षक यांची मागणी आपण पालकांनी मिळून करावी. मजुरीचा हिशेब यंत्राकडे गेला आहे. ते यंत्र चालविणारा आपल्यातला असावा.