रायफल तीच, काडतूस बदललं

(दहावी १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "तुझ्या कामातलं काहीतरी सांग, पण कॉम्प्युटर नको." इंजिनिअर झाल्यापासून मी दुसरं काही केलेलंच नाही, त्यामुळे जरा पंचाईत झाली. मग ठरवलं की रायफलवर बोलायचं. हसू नका. आपण वरणगावची मुलं. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील फॅक्टरीत काडतुसं बनवायचे, आणि भोंग्यावर आपल्या आयांची घड्याळं चालायची. आणि मी जे रोज करते, म्हणजे बिघाड शोधणं, त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण एका नव्या रायफलचंच आहे. ऑफिसात नवीन मुलं आली की मी त्यांना ते सांगते.

एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू टू चालवली, त्यांना आठवत असेल. गोळी झाडली की बोल्ट हाताने मागे ओढायचा, मग रिकामी पुंगळी बाहेर पडायची. अर्ध-स्वयंचलित रायफलमध्ये हे हाताचं काम बारुदीचा वायू करतो. चाप ओढला की गोळी सुटते, नळीतला थोडा वायू बोल्टला मागे ढकलतो, बोल्टला असलेली आकडी पुंगळीला चेंबरमधून ओढून काढते, पुंगळी बाजूला फेकली जाते, आणि परत येताना बोल्ट मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलून आत बसवतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

म्हणून नुसतं "रायफल अडकते" असं सांगणं म्हणजे मला कोणी "सिस्टीम चालत नाही" असं सांगण्यासारखं आहे. कुठे अडकते? नवं काडतूस आत जात नाही, पुंगळी चेंबरमधून निघत नाही, की निघते पण बाहेर फेकली जात नाही? काडतूस आत जात नसेल तर आधी मॅगझिनकडे बघायचं. त्याचे ओठ वाकलेत का, स्प्रिंग थकलीय का? मॅगझिनांवर नंबर टाकायचे, म्हणजे दर वेळी तीन नंबरचंच मॅगझिन अडतंय हे लगेच कळतं. त्यानं सुटलं नाही तर दुसऱ्या लॉटची काडतुसं घालून बघायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि रायफल चालली, तर कशामुळे चालली हे कधीच कळत नाही.

यातली खरी गंमत अशी की एकाच तक्रारीची दोन उलटी कारणं असू शकतात. वायूचा जोर कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही, आणि नवं काडतूस उचललं जात नाही. जोर जास्त झाला तर बोल्ट इतक्या घाईनं परत येतो की मॅगझिनच्या स्प्रिंगला काडतूस वर ढकलायला वेळच मिळत नाही. तेव्हाही काडतूस उचललं जात नाही. वरून दिसणारा आजार एकच, औषध अगदी विरुद्ध.

आता ते उदाहरण. अमेरिकेची एम-१६. युजीन स्टोनर नावाच्या इंजिनिअरनं ही रायफल एआर-१५ या नावानं तयार केली, ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसासाठी. आपल्या इन्साससाठीही हाच व्यास निवडला गेला. रायफल हलकी होती, जंगलात सोयीची होती, आणि सुरुवातीला ज्यांनी वापरली ते खूश होते. १९६५-६६ मध्ये ती व्हिएतनाममध्ये मोठ्या प्रमाणावर गेली आणि तक्रारी सुरू झाल्या. पुंगळी चेंबरमध्ये रुतून बसायची. आकडी कडेवरून घसरायची, नाहीतर पुंगळीची कडाच फाडून यायची. मग सैनिकानं काय करायचं? समोरून गोळ्या येत असताना साफसफाईची सळई नळीच्या तोंडातून आत घालायची आणि पुंगळी मागे ढकलायची. म्हणजे हातात विसाव्या शतकातली रायफल आणि वागणूक ठासणीच्या बंदुकीची. कित्येकांकडे ती सळईसुद्धा नव्हती. मे १९६७ मध्ये एका मरीन सैनिकाचं पत्र अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात छापून आलं. मेलेल्या साथीदारांशेजारी त्यांच्या रायफली खोललेल्या अवस्थेत सापडल्याचं त्यात लिहिलं होतं. ते मरताना रायफल दुरुस्त करत होते.

वरून उत्तर आलं, सैनिक रायफल साफ करत नाहीत.

हे उत्तर खोटं नव्हतं. या रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरलेला होता, आणि सफाईचं सामानही पुरेसं पाठवलेलं नव्हतं. पण "वापरणाऱ्याची चूक" हे असं उत्तर आहे की ते मिळालं की शोध थांबतो. माझ्या धंद्यात हे रोज दिसतं, म्हणून त्याचा मला विशेष राग आहे.

मधल्या काळात काय बदललं होतं ते बघा. रायफल तीच होती, काडतूस बदललं होतं. स्टोनरनं रायफल बसवली होती ती ड्युपॉन्ट कंपनीच्या आयएमआर जातीच्या बारुदीवर. लष्कराला गोळीचा ठरावीक वेग आणि चेंबरमधल्या दाबाची ठरावीक मर्यादा, दोन्ही हवं होतं, आणि मोठ्या उत्पादनात त्या बारुदीनं ते जमेना. म्हणून १९६४ मध्ये 'बॉल पावडर' या प्रकारच्या बारुदीला मंजुरी मिळाली. गोळीचा वेग बरोबर, दाब बरोबर, कागदावर सगळं बरोबर. पण तिच्यामुळे नळीतून वायू घेतात त्या जागी दाब वाढला. सलग झाडताना मिनिटाला ६५० ते ८५० हा ठरलेला वेग होता, तो त्याच्या वर जायला लागला. बोल्ट आधी उघडायला लागला, पुंगळी अजून फुगून चेंबरला चिकटलेली असतानाच. शिवाय काजळी जास्त. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि व्हिएतनामची हवा दमट. गंजलेल्या, खडबडीत चेंबरमधून पुंगळी सुटणार कशी?

आणि हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. नव्या बारुदीवर रायफली वेगाच्या चाचणीत नीट उतरत नाहीत हे कारखान्याच्या लक्षात आलं होतं. तेव्हा परवानगी काय मिळाली, तर चाचणीपुरती दुसरी बारूद वापरा. चाचणीला एक काडतूस आणि लढाईला दुसरं! आमच्याकडची मुलं इथे हटकून हसतात, कारण टेस्टिंगच्या मशिनवर एक आणि ग्राहकाकडे भलतंच, हे त्यांनी पाहिलेलं असतं. फक्त आमच्याकडे त्यानं कोणी मरत नाही.

१९६७ मध्ये अमेरिकी संसदेनं रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. स्टोनरनं तिच्यासमोर सांगितलं की बारुदीबद्दल त्याचं मत विचारलं गेलं ते निर्णय होऊन गेल्यावर. ऑक्टोबरमध्ये आलेल्या अहवालात समितीनं बारुदीच्या बदलावर बोट ठेवलं आणि लष्करी अधिकाऱ्यांची निष्क्रियता गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या जवळ जाणारी आहे, इतक्या कडक शब्दांत लिहिलं.

दुरुस्त्या तशा साध्या होत्या. बोल्टच्या मागचा बफर जड केला, त्यामुळे वेग आटोक्यात आला. चेंबरला क्रोम चढवला. बारुदीत कॅल्शियम कार्बोनेट घालायचे, त्याची काजळी वायूच्या नळीत साचायची, म्हणून त्याचं प्रमाण उतरवलं. सफाईचं सामान पाठवलं. सोबत पाठवलं ते एक कॉमिक! विल आयस्नर या नामवंत चित्रकाराचं, ३२ पानी, रायफल कशी सांभाळायची ते चित्रांतून सांगणारं. घाबरलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला जाडजूड मॅन्युअल कोण वाचायला लावणार? मला ही दुरुस्ती क्रोमइतकीच मोलाची वाटते. त्याच रायफलीचे वारस आजही वापरात आहेत.

आपल्या बॅचचा एक जण आज फॅक्टरीत आहे, एक जण सैन्यातून नुकताच निवृत्त झालाय, आणि दोघं पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसलेत. पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण आणि साल ठोकलेलं असतं, आणि पेटीवर लॉट नंबर. माझ्यासारखीला ते बघितलं की बरं वाटतं, बिघाड झालाच तर कुठून शोधायला सुरुवात करायची ते त्यावर लिहिलेलं आहे. पुढचे प्रश्न त्या दोघांना विचारा. मी रायफल हातात घेतली ती फक्त एनसीसीत, आणि माझा नेम कसा होता ते बाईंना आठवत असेलच.