एकभुक्त आणि स्नायू

दिवसभर जवळजवळ उपाशी राहून संध्याकाळी एकदाच भरपेट जेवायचं, ही पद्धत ओरी हॉफमेक्लर यांच्या ‘वॉरियर डाएट’ या पुस्तकामुळे गाजली. चरबी घटते ती एकूण उष्मांक कमी झाल्यामुळे. घड्याळाची त्यात फारशी जादू नाही. स्नायूंचं गणित मात्र रंजक आहे. एका वेळी 25-30 ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं घेतली तर वाया जातात, असं जिममध्ये ठासून सांगतात. पण 2023 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी व्यायामानंतर एकदम 100 ग्रॅम दूधप्रथिनं दिली, तेव्हा स्नायूबांधणी 12 तासांनंतरही चालूच होती. अर्थात, आपल्या वरणभातातून एका बैठकीत तेवढी प्रथिनं पोटात जाणं कठीणच! आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकभुक्त राहण्याचा प्रयोग करू नये. रक्तातली साखर एकाएकी धोकादायकरीत्या उतरू शकते.