नवऱ्याची सही लागत नाही

मैत्रिणींनो, मूल नको म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात गेलेल्या बाईला बऱ्याचदा ऐकावं लागतं, "नवऱ्याची सही आणा." कायद्यात असं कुठेही नाही! १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार १८ वर्षांवरील बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. तांबी किंवा गोळ्या फसल्या, हे कारणही चालतं. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत लागतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली अशा काहींसाठी २०२१ पासून मुदत २४ आठवडे झाली. तिथे दोन डॉक्टर. अविवाहितेलाही हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. गुन्हा आहे तो गर्भलिंगनिदानाचा. गर्भपात आणि लिंगनिदान या दोन्हींची गल्लत होते, बाई घाबरते आणि चोरून गावठी औषध घेते. त्यात जीव जातो. दवाखान्याने तुमचं नाव गुप्त ठेवायलाच हवं. मान्यताप्राप्त केंद्राची चौकशी आशाताईंकडे करा, पाळी चुकताच.