उन्माद : उत्साहापलीकडची अवस्था



सातपुड्याच्या कुशींत, अक्कलकुवा तालुक्यांत काठी नांवाचें गांव आहे. तेथील राजवाडी होळी पहांटे पेटते. मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरूं बांधून आदिवासी बांधव रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात. मीं ती एकदां एका सहशिक्षकांसह पाहिली. तेही नाचले, त्यांत वावगें कांहींच नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आम्ही सारे मेल्यासारखे निजलों. ते निजले नाहींत. तिसऱ्या, चौथ्या रात्रींही नाहींत. आणि थकवा म्हणून नाहीं!

शाळेंत ते एका दमांत चार विषय बोलूं लागले. प्रथम आम्हीं कौतुकच केलें. मग त्यांनीं डोंगरांत विद्यापीठ काढण्याचें ठरविलें, पत्नीचे दागिने मोडले, अडविणारांवर हात उगारला. कोणी म्हणालें, बाहेरची बाधा. आम्ही शिकलेले म्हणालों, दारू. दोघेही चुकलों.

ह्या स्थितीस उन्माद म्हणतात. द्विध्रुवी विकारांत मन कधीं विषादाच्या गर्तेंत बुडतें, तर कधीं असें उसळतें. गंमत अशी—गंमत कसली, दैवदुर्विलासच तो—कीं रोग्यास हा रोग वाटतच नाहीं. आपण कधीं नव्हे इतके ठणठणीत आहों असेंच त्यास वाटतें. त्याच्याशीं वाद घालणें म्हणूनच व्यर्थ. झोपेची गरजच घटणें ही घरच्यांस लवकर दिसणारी खूण. ती दिसतांच मनोविकारतज्ज्ञ गांठावा, पैशाअडक्याचे व्यवहार जपावे. रोगी आवरेनासा झाला तर रुग्णालय टाळूं नये. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो.

१९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर जॉन केड यांनीं उन्मादावर लिथियमचा गुण दाखविला. तें आजही वापरतात. मात्र मात्रा थोडी चढली तरी विषबाधा होते, म्हणून वेळोवेळीं रक्त तपासावें लागतें. बरें वाटलें म्हणून औषध आपल्या मनानें सोडणें हा तर ठरलेला घात.

आमचे सहशिक्षक औषधानें सावरले, शाळेंत परतले. परंतु ते जरा मोठ्यानें हसले कीं आम्ही एकमेकांकडे पाहत असूं. एके दिवशीं त्यांनीं मला गांठलें.

"गुरुजी, मला आतां आनंद होण्याचीही चोरी झाली काय?"

मी ओशाळलों. विचारलें, "काल झोप लागली?"

"सात तास."

"मग हसा कीं."

आणि आम्ही दोघेही हसलों.