इंजिन आणणं सोपं, बसवणं अवघड

(गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवता शिकवता चाळिशी ओलांडली. कार्यवाहांनी "तुमच्या विषयावर बोला" म्हटलं, तेव्हा एक जुनी उधारी आठवली. ती आज फेडायची आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्या नवागाममधल्याच एका विद्यार्थ्याने वर्गात विचारलं, "सर, मोटारीचं रोटरी इंजिन विमानात बसवतात, ते कसं?" आम्ही हसून म्हणालो, "आधी स्कूटरचा कार्ब्युरेटर नीट साफ करायला शीक." सगळा वर्ग हसला. त्या पोराने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. खरं सांगायचं तर उत्तर आम्हालाही नीट येत नव्हतं. नंतर बसून अभ्यास केला. तेच उत्तर आज सांगतो.

आपल्या गाडीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरी इंजिनात पिस्टनच नसतो. बाजू फुगलेल्या समोशासारखा एक तिकोनी रोटर असतो. मधे किंचित दबलेल्या, शेंगदाण्याच्या शेंगेसारख्या पोकळीत तो फिरतो. त्याच्या तिन्ही बाजू आळीपाळीने हवा-पेट्रोल ओढतात, दाबतात, पेटवतात आणि धूर बाहेर टाकतात. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांचं असं पहिलं इंजिन 1957 साली एनएसयू कंपनीत चाललं. जपानच्या माझदाने 1967 मध्ये ते कॉस्मो गाडीत घातलं, 1978 पासून आरएक्स-7 मध्ये. 1991 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत माझदाने चार रोटरच्या गाडीने जिंकली.

घरी विमान बांधणारी हौशी मंडळी, विशेषतः अमेरिकेत, या माझदाच्या 13बी इंजिनाच्या प्रेमात पडली. दोन रोटर, 1.3 लिटर, आटोपशीर आकार. छोट्या विमानांत नेहमी दिसणारं लायकमिंगचं 180 अश्वशक्तीचं इंजिन 5.9 लिटरचं असतं. शिवाय रोटरीत प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, आणि विमानाच्या इंजिनातही प्रत्येक सिलिंडरला दोनच लागतात. आणखी एक गुण आहे. रोटर लोखंडी आणि त्याभोवतीचं घर ॲल्युमिनियमचं. तापल्यावर घर जास्त फुगतं, त्यामुळे रोटर आत अडकून जाम होण्याची भीती कमी. सील खराब होतात, ताकद घटते, पण बहुतेक वेळा जमिनीवर उतरेपर्यंत ते साथ देतं.

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल, भंगारातून एक इंजिन आणावं आणि पुढे पंखा लावावा. अडचणी तिथूनच सुरू होतात.

पहिली अडचण वेगाची. रोटरीची ताकद मिनिटाला 6,000 फेऱ्यांच्या वर मिळते. सहा फुटी पंखा तेवढा फिरवला, तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे 575 मीटर धावेल. आवाजाचा वेग आहे 340 मीटर. असा पंखा नुसता किंचाळतो, विमान ओढत नाही. म्हणून मधे गिअरबॉक्स हवा. हौशी मंडळी 2.17 किंवा 2.85 पट वेग कमी करणारे ग्रहमालेसारखे गिअर वापरतात. 6,000 फेऱ्यांना 2.17 ने भागलं की पंखा 2,765 वर येतो. मग टोकाचा वेग 265 मीटरच्या आसपास राहतो.

दुसरी अडचण उष्णतेची. रोटरीचा धूर फार तापलेला असतो, साधा सायलेन्सर थोड्या तासांत फाटतो. पाण्यासाठी रेडिएटर हवाच, पण उष्णतेचा मोठा भाग तेलातून जातो, म्हणून तेलाचा कूलरही तेवढाच मोठा लागतो. नाकाला भोक पाडून रेडिएटर लावला की काम झालं, असं नसतं. आत येणारी हवा नळकांड्यात हळूहळू पसरावी लागते, तरच ती जाळीतून नीट जाते. कित्येकांचं इंजिन ठणठणीत असूनही विमान जमिनीवर राहिलं, ते याच कारणाने.

तिसरी अडचण विजेची. मोटारीचं पेट्रोल इंजेक्शन विजेवर चालतं. रस्त्यात बॅटरी बसली तर धक्का मारता येतो, वर धक्का कोण मारणार? म्हणून दोन बॅटऱ्या, दोन पेट्रोल पंप, इंजिनाच्या कंट्रोलरलाही जोडीदार.

चौथी अडचण बसवण्याची. गाडीत चाकं गाडी ढकलतात, इंजिन नुसतं बसलेलं असतं. विमानात पंखा इंजिनाला ओढतो आणि इंजिन अख्ख्या विमानाला. वजन, ओढ, पीळ, नाक वळवताना पंख्याचा अडेलपणा, हे सगळं चार बोल्टांवर येतं. त्यात रोटरी म्हणजे लांब बोल्टांनी आवळलेली चकत्यांची चळत, हवं तिथे भोक पाडून टांगता येत नाही. म्हणून गिअरबॉक्सच्या बाजूला जाड प्लेट किंवा खाली पाळणा करायचा, पोलादी नळ्यांचे त्रिकोण वेल्ड करायचे आणि मधे रबर घालायचं.

रबराची किंमत आम्हाला विसर्जनाच्या रात्री कळली. काही वर्षांपूर्वी रोषणाईसाठी ट्रॉलीवर जुनं जीपचं इंजिन आणि अल्टरनेटर आम्ही स्वतः बसवलं. घाई होती, रबरी पॅड घातले नाहीत, थेट अँगलवर बोल्ट मारले. दोन तासांत वेल्डला तडा गेला, अल्टरनेटर कलला, पट्टा तुटून चाबकासारखा सुटला. अंधार झाला. त्याच ट्रॉलीवर आमचा मुलगा आणि आणखी सहा पोरं बसली होती. बाप्पाची कृपा, कुणाला लागलं नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. जमिनीवर चार फुटांवर ही गत, तर चार हजार फुटांवर काय?

हे सगळं परदेशातलंच, असंही नाही. आपल्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिने बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर 55 अश्वशक्तीचं वांकेल इंजिन तयार केलं. वजन सुमारे 30 किलो. निशांत या वैमानिक नसलेल्या विमानात आधी विलायती इंजिन होतं. मार्च 2009 मध्ये कोलारला निशांत आपल्या इंजिनावर उडालं. ते मोटारीतून काढलेलं नव्हतं, मुद्दाम विमानासाठी घडवलेलं होतं. तरी तीन संस्थांचे हात लागले.

आणि आपल्यापैकी निम्मी घरं ज्या खानदेशातून आली, तिथलीही गोष्ट ऐका. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं. नोंदणी मिळायला 2017 उजाडलं, उड्डाणाचा परवाना 2019 मध्ये आला, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. मधली वर्षं कागदांत गेली. आम्ही सरकारी माणूस, कागदाची कटकट रोज पाहतो. पण तो तुटलेला पट्टा आठवला की वाटतं, आमचं काम त्या रात्री कुणीतरी परक्या नजरेने तपासलं असतं तर बरं झालं असतं.

पालकांना एकच विनंती. पोरगं असं काही विचारू लागलं, तर हसू नका, आणि "कर, काही होत नाही" असंही म्हणू नका. "कसं बसवशील, दाखव" एवढं म्हणा. कागदावर काढायला लावा, मोजायला लावा.

तो विद्यार्थी आता एका गॅरेजमध्ये काम करतो. आज त्याला मुद्दाम निरोप पाठवला होता. मागे खांबाजवळ उभा आहे. बाळा, त्या दिवशी आमचं चुकलं. विसर्जनानंतरच्या रविवारी आयटीआयमधल्या सुट्या भागांची यादी घेऊन ये. पहिलं काम रबरी पॅडचं. यंदाच्या ट्रॉलीचं इंजिन तू बसव, आम्ही तपासू. पुढच्या वर्षी आम्ही बसवू, तू तपास.

गणपती बाप्पा मोरया!