सीतेची आसवं



मला पाच मिनिटं दिली आहेत. एवढ्या वेळात आठवणी मावणार नाहीत, म्हणून आपल्या साताऱ्याच्या एकाच फुलाबद्दल बोलते. सीतेची आसवं.

ऑगस्ट-सप्टेंबरात कासच्या पठारावर जांभळा गालिचा पसरतो, त्यातलं हे नखाएवढं फूल. वनवासातल्या सीतेचे अश्रू जमिनीवर पडले, त्यांची ही फुलं झाली, असं लोक सांगतात.

शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया पर्प्युरासेन्स. जॉन ग्रॅहम यांच्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या १८३९ सालच्या सूचीतलं. पर्प्युरासेन्स म्हणजे जांभळट होत जाणारं. लॅटिनमध्ये युट्रिक्युलस म्हणजे चामड्याची छोटी पिशवी, आपली बुधलीच म्हणा. या वनस्पतीला खरी मुळं नसतात. ओल्या मातीत तिच्या अगदी बारीक पिशव्या असतात. दाराजवळच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो जीव ओढला जातो, डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. कातळावरच्या पातळ मातीत नत्र कमी, ते ही असं मिळवते.

म्हणजे लोकांनी वरचं फूल पाहून नाव दिलं, शास्त्रज्ञांनी खालची पिशवी पाहून. दोन्ही खरी. आपलं तरी काय वेगळं होतं? हजेरीपटावर एक नाव आणि मधल्या सुट्टीत दुसरं!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिथे दोन गोष्टींना एकच नाव चालत नाही. मराठीत मात्र या वंशातल्या अनेक जातींना सीतेची आसवंच म्हणतात. त्यामुळे कुठली जात कमी होते आहे हे नोंदवायला शास्त्रीय नावच लागतं. पण नुसतं तेच राहिलं तर सीता जाते. पिवळ्या कवल्याचं बघा. पर्यटक आता त्याला मिकी माउस म्हणतात. कवल्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, हे त्या नावातून कुणाला कळणार?

पश्चिम घाटाबरोबर कास २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. यादीत जागेचं नाव राहील, फुलांची नावं आपल्यालाच सांभाळायची आहेत. मुलांना तिथे न्याल तेव्हा पायवाट सोडू नका, त्या पिशव्या पायाखाली चिरडतात. मुलांना दोन्ही नावं सांगा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आणखी नावं विचारून लिहून ठेवा. सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत.